महिपती गुरवाचा कौल

महिपती गुरवाचा हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून रमतगमत यायचं. कतारमधल्या अल खोरच्या कामगार कॅम्पात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. रास लफानच्या गॅस प्रकल्पाकडे जाणाऱ्या बसमधली पहिली सीट त्याची, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण एकदा एका नव्या वेल्डरनं तिथं बूड टेकलं, आणि महिपतीनं त्याला कॉलरला धरून शेवटच्या सीटपर्यंत पोचवलं. तेव्हापासून ती सीट रिकामी राहू लागली. मेसमध्ये डाळ पातळ झाली म्हणून त्यानं वाढप्याच्या अंगावर अख्खं पातेलं पालथं केलं होतं. डाळीत निव्वळ पाणी होतं म्हणूनच तो भाजला नाही, असं लोक हसत सांगायचे.

तरीही माणसं त्याला मानायची. परांची बांधणाऱ्या टोळीचा तो फोरमन. त्यानं बांधलेल्या परांचीवर चढताना कुणी खाली बघत नसे. शब्दाचा पक्का होता, आणि खोटं बोलणं त्याला जमतच नव्हतं, कारण खोटं बोलायला जरा दम धरावा लागतो.

गाव देवगडच्या वरच्या अंगाला. बाप रवळनाथाचा गुरव, आजाही गुरव. देवळाची चाकरी थोरल्या भावाकडे गेली आणि हा आखातात आला, पण देवळातली एक गोष्ट त्याच्या हाडात बसलेली होती, ती म्हणजे कौल. विहीर इथं खणू की तिथं, पोरगी या घरात देऊ की नको, असं काही अडलं की गावकरी देवाकडे यायचे. बाप पाषाणावर पाणी घालायचा, उजवीकडे-डावीकडे पाकळ्या चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. मग सगळे श्वास धरून बसायचे. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जे पडेल ते पाळायचं, त्यात मागं-पुढं नाही. एका माणसानं डावा कौल आला म्हणून छपरापर्यंत आलेलं घर तसंच सोडलेलं महिपतीनं पोरवयात पाहिलं होतं.

गाऱ्हाणं संपवताना बाप दर वेळी एक वाक्य म्हणायचा. इचारताना काय चुकला-माकला आसात, तर ता माझ्या डोक्यार. आणि हे म्हणताना मान खाली घालायचा. महिपतीला लहानपणी वाटायचं, ही नुसती बोलायची पद्धत असेल.

बाबू त्याच्याच वाडीतला. त्याला कतारला महिपतीनंच आणलं. बाबूच्या आईनं, विठाबाईनं, निघताना पोराचा हात महिपतीच्या हातात दिला होता. तो बाबू कंत्राटदाराच्या यार्डात पाइपांच्या गठ्ठ्याखाली सापडला. क्रेननं गठ्ठा उचलला होता, क्रेनला हातानं इशारे देणारा रिगर होता सागर, बीडकडचा. गठ्ठा कलला, पट्टा सरकला आणि पाइप सुटले. खाली बाबू होता.

महिपती धावत आला तेव्हा धूळ बसलेली नव्हती. त्यानं पाइप हातानं ओढून काढले. बाबूची छाती राहिलीच नव्हती. तोंड मात्र जसंच्या तसं होतं, आणि तेच महिपतीला सोसलं नाही. तो उठला, सागर जिथं उभा होता तिथं गेला आणि त्याच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की तो माणूस जागेवर फिरून पडला. मग लाथा. बसचा ड्रायव्हर मुदस्सिर, राजापूरचा, त्यानं कमरेला मिठी मारून महिपतीला मागं खेचलं. सागरनं एकदाही हात वर केला नाही. महिपतीला वाटलं, गुन्हेगारच असा मार खातो.

चौकशी बसली. ती संपेपर्यंत सागरला काम नाही, घरी जाणं नाही आणि दुसऱ्या कॅम्पात हलवणंही नाही. तो रोज मेसमध्ये यायचा, कोपऱ्यात खाली मान घालून जेवायचा, स्वतःची थाळी स्वतः घासायचा. बाबूचा चुलतभाऊ सुरज त्याच टोळीत होता. सागर दिसला की सुरजचं जेवण तिथंच थांबायचं. महिपतीचंही थांबायचं. आपल्या पोराला मारणाऱ्याच्या शेजारी भात कालवायचा, हे कुणाला जमलंय?

अशात निवडणूक आली. कामगारांच्या समितीवर कॅम्पातून एक माणूस जायचा होता. भारतीयांची मतं फुटली तर भलताच निवडून येईल, म्हणून आधी आपल्यातच मतदान घेऊन एक उमेदवार ठरवावा, अशी टूम निघाली. काढली गोविंदरावांनी. हे सोलापूरकडचे, स्टोअरकीपर, गावाकडे कुठल्याशा पक्षाचे तालुक्याचे कार्यकर्ते राहिलेले. तालुका सुटला होता, पण कार्यकर्तेपण खारट पाण्यातही धुतलं गेलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक तेलुगू वेल्डर उभा होता, आणि त्याची माणसं जास्त होती. शुक्रवारची सुट्टी मोडून आपली माणसं मतदानाला येतील याचा गोविंदरावांना भरवसा नव्हता.

मग त्यांना युक्ती सुचली. मोबाइलवर त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं की अमेरिकेत पक्ष आपला उमेदवार ठरवायला आधी घरातली निवडणूक घेतात, आणि त्याच मतपत्रिकेवर खाली एखादा प्रश्नही विचारतात. अमुक करावं का, तमुक नको का. उत्तर कुणावर बंधनकारक नाही, नुसता लोकांचा सल्ला. पण प्रश्न झोंबणारा असला की माणसं प्रश्नासाठी येतात आणि येताना उमेदवारालाही मत देऊन जातात. गोविंदरावांनी चिठ्ठीवर वर दोन नावं घातली आणि खाली प्रश्न घातला: सागरला कॅम्पातून बाहेर काढावं का?

मतदान घ्यायला त्यांना असा माणूस हवा होता ज्याच्यावर तेलुगू आणि बिहारीही शंका घेणार नाहीत. ते महिपतीकडे आले. प्रश्न ऐकून महिपतीच्या मानेची शीर उडू लागली. उत्तर आलं की काढणार कोण, एवढंच त्यानं विचारलं. गोविंदराव म्हणाले, काढायचं वगैरे काही नाही, लोकांचं मत ऑफिसात कळवायचं, पुढं ते बघतील, हा फक्त सल्ला आहे. हे महिपतीच्या डोक्यात शिरेना. विचारलं, उत्तर आलं, आणि ते पाळायचं नाही? मग विचारायचं कशाला? पाहुण्याला जेवतोस का विचारायचं आणि हो म्हटलं की पान उचलायचं, यातला हा प्रकार झाला.

शुक्रवारी दुपारी मेसमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. गोविंदरावांचा अंदाज खरा निघाला. टेबलावर तांदळाचा रिकामा ड्रम ठेवला होता, चिठ्ठ्या टाकायला. महिपतीनं स्वयंपाकघरातून कच्चे तांदूळ मागवले आणि प्रत्येकाच्या मुठीत, देवासमोर शपथेला देतात तसे, चार-चार दाणे दिले. काही जण हसत होते. महिपतीचं तोंड पाहिल्यावर हसायचे थांबले.

"इचारूचा तर पाळूक व्हया," तो म्हणाला. "पाळूचा नसात तर आताच भायर जावा. ज्येच्या मुठीत तांदूळ, तेका जा काय येयत ता पाळूक व्हया."

मुदस्सिरनं ते हिंदीत सांगितलं. कुणी बाहेर गेलं नाही. गोविंदराव त्याच्या कानाशी लागून म्हणत होते की अहो गुरव, एवढं कशाला, सल्ला आहे सल्ला. महिपतीनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं. मग देवळातलं गाऱ्हाणं घातलं, पण घाईघाईत, अर्धंमुर्धं. डोळ्यांसमोर रवळनाथ नव्हता, बाबूची छाती होती. शेवटी स्वतःची चिठ्ठी टाकली, त्यावर 'काढावं' अशी खूण इतकी दाबून केली होती की कागद फाटला.

गोविंदराव उमेदवार ठरले. खालच्या प्रश्नाला बहुतेकांनी 'काढावं' म्हटलं होतं. सागर त्या वेळी खोलीत होता. त्याच्या हातात कुणी चिठ्ठी दिली नव्हती, आणि द्यावी असं कुणाला सुचलंही नव्हतं.

गोविंदराव ऑफिसात जाऊन सांगून आले. ऑफिसनं ऐकून घेतलं, आभार मानले आणि चौकशी पुरी होईपर्यंत काही करता येणार नाही म्हणून सांगितलं. गोविंदरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. ते पुढं खऱ्या निवडणुकीतही निवडून आले, आणि खलास, त्यांच्यापुरता विषय संपला. बाकीच्यांचा संपला नव्हता. तांदळाचे दाणे कुणी पाकिटात ठेवले होते, कुणी उशीखाली. सागर रोज मेसमध्ये येत होता आणि प्रत्येक जेवणाला शपथ मोडत होती. देवाची शपथ मोडल्याचं पाप कुणाला लागणार, यावर बसमध्ये कुजबुज चालायची. एकाला ताप आला तर तोही याच्याच खात्यावर टाकला गेला.

सुरज महिपतीच्या शेजारी येऊन बसला. पहिल्या सीटवर, न विचारता.

"काका, तांदूळ तुमी दिलात," तो म्हणाला. "हापिस काय करीत नाय. मगे कोणी करूचा?"

एरवी महिपतीनं त्याला उठवलं असतं. आज उठवलं नाही. पोरगं खरं बोलत होतं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणाला की शुक्रवारी सागरला गेटाबाहेर नेऊन ठेवू. त्याच्या मनात तेवढंच होतं. दंडाला धरायचं, बॅग हातात द्यायची, गेटाबाहेर उभं करायचं. मग ऑफिस काय करायचं ते करो, शपथ तर पाळली गेली.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर ते निघाले. पुढं महिपती, मागं सुरज आणि वाडीतली पोरं, त्यांच्या मागं तांदूळवाले. सागर त्या दिवशी मेसला आला नव्हता, खोलीत खालच्या कॉटवर कांदा चिरत बसला होता. दारात एवढी माणसं पाहून त्यानं आधी काय केलं, तर सुरी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आपला हात पोचणार नाही अशी. मग उभा राहिला. महिपतीला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लावायला तो थांबला नाही. डोकं अजून मागंच होतं.

"चल, भायर," तो म्हणाला आणि दंड धरला. सागर मुकाट्यानं चालू लागला.

खोलीतून बाहेर पडेपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. मोकळ्या आवारात उन्हात आले आणि मागून पहिला गुद्दा सागरच्या मानेत बसला. महिपतीच्या हातातला दंड निसटला. दुसरा कुणीतरी तोंडावर मारला, तिसऱ्यानं पायात पाय घातला. सागर पाण्याच्या टाकीशी पडला आणि त्याच्याभोवती माणसांचं कोंडाळं झालं. सेफ्टी बूट घातलेल्या पायांच्या लाथा होत्या त्या, पुढं लोखंड असलेल्या. महिपती ओरडत होता, गेटाकडे चला, गेटाकडे. कुणाला गेट आठवत नव्हतं. सागरच्या कानातून रक्त आलं आणि वाळूत मुरलं. तो पोटाशी गुडघे घेऊन पडला होता आणि प्रत्येक लाथेला त्याच्या तोंडून फक्त हवा निघत होती.

तेवढ्यात सुरज कोंडाळ्यात घुसला. त्याच्या हातात परांचीच्या पाइपाचा तुकडा होता. महिपतीनं तो आधी पाहिलाच नव्हता. सुरजनं दोन्ही हातांनी पाइप डोक्यावर नेला आणि खाली सागरचं डोकं होतं.

त्या क्षणी महिपतीच्या डोक्यानं त्याच्या हाताला येऊन गाठलं. बाप मान खाली घालून काय म्हणायचा ते त्याला आठवलं. मेसमध्ये आपण सगळं गाऱ्हाणं घातलं आणि नेमकं तेवढं वाक्य गिळलं, हेही आठवलं. विसरलं नव्हतं, गिळलंच होतं. कारण त्या दिवशी जे काही चुकेल ते त्याला सागरच्या डोक्यावर पडायला हवं होतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

तो सुरजच्या अंगावर गेला. ठोसा जबड्यावर बसला, पाइप तिरका गेला आणि टाकीवर आदळला. सुरज मागं कोलमडला. दुसरं पोरगं सागरला लाथ घालत होतं, त्याला महिपतीनं केसांना धरून मागं ओढलं आणि नाकावर कपाळ हाणलं. एकाच्या बरगडीत गुडघा घातला. ही सगळी त्याचीच पोरं, त्यानंच व्हिसे मिळवून दिलेली. जत्रेत त्यांना खांद्यावर बसवलेलं, आणि आज त्यांची तोंडं तो फोडत होता. कुणीतरी मागून त्याच्या पाठीत लाथ घातली आणि तो सागरच्या अंगावर पडला. पडला तिथंच एका हातावर उठून बसला, सागरला पायांमध्ये घेऊन.

सुरज परत आला. तोंडातून रक्त गळत होतं, हातात पाइप होता.

"कौल मिया लावलंय," महिपती म्हणाला. ओरडला नाही. "इचारताना चुकला, ता माझ्या डोक्यार. मारूचा तर माका मार. ह्येका नाय."

आणि त्यानं मान खाली घातली, बाप घालायचा तशी.

सुरजला तेव्हा माणूस दिसत नव्हता. त्यानं पाइप घातला. डोक्यावर येणारा घाव महिपतीच्या उजव्या हातानं आपणहून घेतला. कोपराच्या खाली हाड मोडल्याचा आवाज कोंडाळ्यातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेला. हात नको तिथं वाकला. महिपती तसाच मान घालून बसून राहिला, पुढच्या घावाची वाट बघत.

पुढचा घाव आला नाही. सुरजनं पाइपाकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं आणि पाइप टाकून तो उलट्या पावली चालत भिंतीला टेकला. मग लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. बाबू गेल्यापासून तो रडला नव्हता. कोंडाळं हळूहळू विरलं. सिक्युरिटीच्या शिट्ट्या वाजेपर्यंत टाकीपाशी मुदस्सिर, सुरज आणि ते दोघेच उरले होते.

पोलीस आले, अॅम्ब्युलन्स आली. कुणी कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. कंपनीनं दंगा सुरू करणाऱ्यांची नावं विचारली, तर प्रत्येकानं एकच नाव घेतलं, आणि तेही खोटं नव्हतं. तांदूळ कुणी दिले? महिपतीनं. पुढं कोण होतं? महिपती. त्याचा व्हिसा रद्द झाला. सुरजलाही आधीच्या विमानानं परत पाठवलं. गोविंदराव समितीच्या बैठकीत म्हणाले की प्रश्न केवळ सल्ल्यापुरता होता, लोकांनी गैर अर्थ काढला. ते बोलले ते नियमाला धरूनच होतं. त्यांचं तोंड फोडायची इच्छा महिपतीला फार झाली, पण हात प्लास्टरमध्ये होता.

जायच्या दिवशी ऊन उतरताना मुदस्सिरनं गाडी गेटापाशी लावली. डॉक्टरनं सांगितलं होतं की हाड जुळेल, पण बोटांत पूर्वीचं बळ येणार नाही. परांचीचं काम संपलं होतं. महिपती निघाला तेव्हा कॅम्पातलं कुणी बाहेर आलं नाही. आला तो सागर, डोक्याला पट्टी बांधलेला, लंगडत. त्यानं महिपतीची बॅग उचलली आणि गाडीपर्यंत आणली.

गाडीच्या दाराशी महिपती थांबला. एवढ्या साऱ्या विचारण्यात एक गोष्ट कुणीच विचारली नव्हती, आणि ती आता विचारल्याशिवाय त्याला गाडीत पाय ठेवता येईना. गावी विठाबाई दारात उभी असणार होती.

"त्या दिसा काय झाला रे?" तो म्हणाला. "माका खरा सांग."

सागरनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"माझीच चूक हाय, काका," तो म्हणाला. "खाली बगितल्याबिगर इशारा द्यायचा नसतो. बाबू बाजूला झाला आसंल आसं मी धरून चाललो. मी बगितलंच नाई. पयल्या दिवशीच सांगणार हुतो, पर तुमच्यातलं कुणी इचारलंच नाई."

मुदस्सिरनं स्टिअरिंगवरचे हात काढले आणि दार उघडून अर्धा बाहेर आला. महिपतीचा डावा हात वर गेला होता. सागरनं डोळे मिटले, तोंड फिरवलं नाही, जागचा हलला नाही. यार्डातही तो असाच उभा राहिला होता.

याच्यासाठी हात मोडला, पोरांची तोंडं फोडली, भाकरी गेली, आणि हा म्हणतो माझीच चूक. त्याला मारावंसं वाटलं, मनापासून वाटलं. मग त्या वर गेलेल्या हातानं त्यानं सागरच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.

"साहेबांनी इचारल्यार ह्याच सांग, असाच्या असा," तो म्हणाला. "कॅम्पात कोणाक सांगू नको. हयसर आता कोण इचारीत बसाचो नाय, सरळ मारतले."

तो गाडीत बसला. मुदस्सिरनं विचारलं की गावात काय सांगणार. महिपतीनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाला, विठाबाई जे विचारेल तेवढं सगळं सांगणार. गाडी दोह्याच्या रस्त्याला लागली तेव्हा गेटापाशी सागर अजून उभा होता, आवाराच्या आतल्या बाजूला.